उजव्या कानाचं गाणं

बाईंना नवं गाणं ऐकवायचं तर ते त्यांच्या घरी बसून ऐकवायची सोय नव्हती. घरी जाता यायचं, चहा मिळायचा, डब्यात असलाच तर बेसनाचा लाडूही मिळायचा. पण गाणं ऐकवायचं ते रस्त्यावरून, फोनवर. मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचो, नौपाड्यात बाईंच्या बिल्डिंगखालून जाताना वर बघायचो. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई मला बघून हात करायच्या. आणि मी जिना न चढता तसाच पुढे नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर जाऊन त्यांना फोन लावायचो. बूथचं दार लावून गायचं नाही, उघडं ठेवूनच गायचं, ही आणखी एक अट. बाहेर रिक्षा, भाजीवाले, कुणाचं तरी भांडण, आणि आत मी, एका कानात बोट घालून मुखडा म्हणतोय. बूथवाल्याने सुरुवातीला मला वेड्यात काढलं. पुढे पुढे तो स्वतःच मत द्यायला लागला. मागचं जास्त बरं होतं, असं तोंडावर म्हणायचा. त्याचं मत बाईंना कळवावं लागे, आणि त्या ते माझ्या मतापेक्षा गंभीरपणे घेत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभी नोकरी लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून देण्यात गेल्यामुळे त्यांचं एक ठाम मत झालं होतं. फोनमधून माणसाचा आवाज पूर्ण जातच नाही. गळ्यातला गोडवा, घुमारा, लाडीकपणा, सगळं वाटेत सांडतं. तरीही जे पलीकडच्याला पोचतं तेवढंच गाणं, बाकी सगळी पावडर. समोर बसून गाणं ऐकण्याला त्यांचा आणखी एक आक्षेप होता. समोर तोंड दिसलं की माणूस दयेपोटी वाईट ओळसुद्धा मान्य करतो, असं त्या म्हणत. गीतकाराने आणि संगीतकाराने भांडावं ते फोनवर, आणि चहा प्यावा तो घरी. या एका नियमामुळे आमचं इतकी वर्षं टिकलं असं मला आजही वाटतं.

मोबाइल आला आणि बूथ गेला. मला वाटलं, सुटलो. पण आता बाई मला कुठेही उभं करू शकत होत्या. एका नवरात्रात त्यांनी मला टेंभी नाक्याला पाठवलं. देवीच्या दर्शनाची रांग, दिव्यांच्या कमानी, ढोल, पाळण्यांवरच्या पोरांचा आरडाओरडा, आणि त्यात मी भिंतीकडे तोंड करून एक विरहगीत म्हणत होतो. माझ्या चेहऱ्यावर बहुधा विरह जरा जास्तच दिसत असावा, कारण बंदोबस्तावरच्या हवालदाराने येऊन विचारलं, की साहेब, घरचं कुणी हरवलंय का, अनाउन्स करू का. बाईंनी हे सगळं फोनवर ऐकलं. त्या म्हणाल्या, मला तुझ्या मुखड्यातले दोनच शब्द ऐकू आले, तेवढे ठेव आणि बाकीचं नव्याने लिही. मी चिडून घरी आलो. चिडूनच नव्याने लिहिलं. ते आधीपेक्षा चांगलं झालं, हे त्यांना सांगायला मी बरेच दिवस लावले.

नात्याने त्या माझ्या कुणीच नव्हत्या. माझी धाकटी बहीण कॉलेजसाठी ठाण्याला यायची, आणि कॉलेजच्या आधी बाईंच्या सकाळच्या गाण्याच्या वर्गाला बसायची. वर्गात बाकी सगळ्या घरसंसारवाल्या. नौपाड्यातल्या, चरईतल्या, काही थेट कल्याणहून येणाऱ्या. पेटी होती, पण ती पलंगाखाली खोक्यात असायची. बाई वर्ग सुरू करताना टेलिफोनचा रिसीव्हर उचलायच्या, डोळे मिटून डायल टोन ऐकायच्या, त्यातूनच सा धरायच्या आणि रिसीव्हर ठेवून गायला लागायच्या. माझी बहीण सांगायची, की पहिला महिनाभर सगळ्या बायकांना वाटत होतं, बाई रोज कुणाला तरी फोन लावतात आणि पलीकडचा कधी उचलत नाही. त्यांना वाईट वाटून एकीने हळूच विचारलंही होतं.

बहिणीने माझी एक कविता त्यांना नेऊन दिली. मी तेव्हा एका औषध कंपनीच्या हिशोब खात्यात लागलो होतो आणि दिवाळीत ऑफिसच्या अंकात कविता छापून आल्यामुळे स्वतःला कवी समजत होतो. कवितेत एका ओळीत ‘तनू’ हा शब्द होता. बाईंनी मला बोलावून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, की ही तनू कोण, तुमच्याकडे राहते का. मी म्हटलं, तनू म्हणजे शरीर. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, पण तुझ्या आईला ताप आला तर तू काय म्हणतोस, आईची तनू तापली? त्या दिवसापासून माझ्या लिखाणातून तनू गेली. तिच्याबरोबर नभ, सुमन आणि लोचनही गेले. मुखडा आधी घरात कुणाला तरी साधा बोलून दाखवायचा, बोलताना लाज वाटली तर गाताना दुप्पट वाटेल, हा पहिला धडा. दुसरा धडा असा, की ओळीचं शेवटचं अक्षर असं असावं की त्यावर तोंड उघडं राहील. गाणाऱ्याला थांबायला, रेंगाळायला जागा पाहिजे. मी ‘क्षितिज’ वर ओळ संपवली तर त्या फोनवर नुसतं ज्, ज्, ज् असं करून दाखवायच्या.

पण खरा नियम गाण्याच्याही आधीचा होता. पहिली ओळ लिहायच्या आधी बाई मोठ्याने म्हणायच्या, “शब्द तुझे, चाल माझी.” मीही म्हणायचं, “शब्द माझे, चाल तुमची.” सत्यनारायणाला संकल्प सोडावा तसं हे चालायचं, आणि ते झाल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. मला हसू यायचं. अजून गाणंच नाही तर वाटणी कसली. बाई म्हणायच्या, गाणं चांगलं झाल्यावर कुणी उदार राहत नाही, म्हणून ते व्हायच्या आधी बोलून घ्यायचं.

हे त्यांना कुठे शिकायला मिळालं ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या मुंबईतल्या एका नावाजलेल्या संगीतकारांकडे जायच्या. ते शब्द पुढे टाकायचे, बाई एक्स्चेंजमधून सुटल्यावर चाल लावायच्या, आणि रेकॉर्डवर नाव त्या गृहस्थांचं. बाईंचे यजमान भला माणूस, पण तेही म्हणाले, कशाला वाद, गाणं होतंय ना. बाईंनी वाद घातला नाही. रेडिओवर त्यातलं एखादं गाणं लागलं की त्या हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, ही माझी थोरली, किंवा ही मधली, दुसऱ्याच्या आडनावाने सुखात नांदतेय बघ. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. एकदा मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एक तरी गाणं माझ्या नावाचं असावं रे. आणि ते मी असताना.”

व्यवहारात त्या मला वाटल्या त्यापेक्षा फारच पक्क्या निघाल्या. गाणं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं, हे त्यांचं वाक्य मी पुढे किती तरी नव्या पोरांना ऐकवलंय. भाडेकरू राजा असला तरी दारावरची पाटी आपली. मला एका मालिकेच्या शीर्षकगीताचा करार आला तेव्हा मी तो कौतुकाने त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, रिसीव्हर उचलून सूर घेतला आणि करार गायला लागल्या. खरंच गायला लागल्या, कलमामागून कलम, कीर्तनातल्यासारखं. एका कलमाला त्यांचा दम संपला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, या वाक्यात श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही, म्हणजे इथेच काहीतरी लपवलंय. होतंच. माझे शब्द जगात कुठेही, कायमचे, आणि पुढे ज्यांचा शोध लागेल अशा सर्व माध्यमांत त्या लोकांचे होणार होते. मी कराराला इतकी वर्षं कायद्याचा कागद समजत होतो. बाईंच्या लेखी ते वाईट लिहिलेलं गाणं होतं.

आता त्या उजव्या कानाच्या गाण्याविषयी. ते मोबाइल येण्याच्याही आधीचं. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं आणि लग्नाच्या तोंडावर तिला कानाच्या वरच्या पाळीला भोक पाडून बुगडी घालायची हौस आली. सगळ्यांनी नको म्हटलं म्हणून तिने ते केलंच. उजवा कान पिकला, सुजून लाल झाला. डॉक्टरांनी कापूस लावून दिला आणि बजावलं, की कानाला पाणी नको, तेल नको, हळद तर अजिबात नको. एक मावशी म्हणाली, हळदीनेच तर जखम बरी होते. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. त्यातच आईने दुसरं गाऱ्हाणं काढलं. हळदीची गाणी येणाऱ्या आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या होत्या. चुलत भावंडं डीजे लावतो म्हणत होती, आणि आई म्हणत होती, की मुलीला हळद लागताना घरातलं गाणं नको का.

मी हे सगळं बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, मग करू या की घरातलं गाणं. संकल्प झाला. मी लिहायला बसलो आणि सवयीप्रमाणे सुवर्णकांती, सोनपावलं असलं काहीतरी घेऊन नाक्यावरच्या बूथवर उभा राहिलो. बाईंनी ऐकून विचारलं, की तुमच्या घरात आत्ता काय चाललंय. मी म्हटलं, काय चालणार, सगळे कानाबद्दल ओरडतायत. त्या म्हणाल्या, तेच लिही. मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

हळद लावा गं हळू, हळद लावा
उजवा कान तेवढा जपून ठेवा

चाल त्यांनी तिथल्या तिथे, फोन न ठेवता लावली. दुसऱ्या दिवशी हळदीला वर्गातल्या बायका येऊन ती म्हणाल्या, आणि गाण्याने नेमून दिलेलं काम चोख केलं. शंभर हात पिवळे झाले, पण बहिणीच्या कानाला एकाही बोटाचा स्पर्श झाला नाही. बहीण हसत होती आणि आई रडत होती. मी कोपऱ्यात उभा राहून मनात म्हटलं, की सुवर्णकांती लिहिली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

पुढचं सगळं आमच्या पाठीमागे झालं. त्या बायकांनी ते गाणं आपापल्या भाचीच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या हळदीला नेलं. तिथून ते डोंबिवलीत पसरलं, कल्याणला गेलं, कुणाच्या वऱ्हाडाबरोबर घाटावर चढलं. काही वर्षांनी मी कल्याणला एका हळदीला गेलो होतो. नवरी नखशिखांत पिवळी, फक्त उजवा कान स्वच्छ. मी तिच्या आईला विचारलं, की कान दुखतो का मुलीचा. ती म्हणाली, छे, पद्धत आहे ती. उजवा कान कोरा ठेवतात. मी विचारलं, का ठेवतात. एक बाई म्हणाली, त्या कानात गुरुमंत्र देतात म्हणून. दुसरी म्हणाली, लक्ष्मी उजव्या कानाने ऐकते. तिसरीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढंही माहीत नाही, कुठल्या घरातला हा माणूस. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसता हसता खाली बसल्या. त्या डॉक्टरांना कळवायला हवं, एवढंच त्यांना म्हणता आलं.

आणि मग ते गाणं एका कंपनीने बाजारात आणलं. कोवळ्या आवाजाची गायिका, पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, वरून ड्रोनने काढलेलं चित्रण. गाणं अगदी आमचं, कानासकट. खाली लिहिलेलं, शब्द व संगीत पारंपरिक. लग्नसराईत ते प्रत्येक हॉलमध्ये वाजायला लागलं. बाईंच्या गॅलरीसमोरच्या हॉलमध्येही वाजलं. त्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. कुणीतरी त्यांना मोबाइलवर ती अक्षरं दाखवली. त्यांचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, “आपण कधी मेलो रे?”

मी कंपनीला मेल लिहिले, फोन केले. तिथला कायद्याचं बघणारा माणूस तरुण होता आणि अतिशय अदबीने बोलायचा, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना. तो म्हणाला, सर, आम्ही चौकशी केली होती, सगळे लोक हे गाणं जुनंच आहे म्हणतात, तुम्ही एखादी तरी व्यक्ती आणा जी म्हणेल की हे या दोघांनी केलं. मला वाटलं, हातचा मळ. वर्गातल्या बायका होत्याच.

बाई आणि मी रिक्षाने घरोघर फिरलो. प्रत्येक घरी बाईंच्या पाया पडून झालं, चहा झाला, चिवडा झाला, जुन्या आठवणी निघाल्या. आणि गाण्याचा विषय काढला की प्रत्येक जणी प्रेमाने आमचा घात करी. विठ्ठलवाडीच्या एकीने बाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, की बाई, तुम्ही शिकवलंत हे खरं, पण आमच्या आजीला येत होतं की हे गाणं. दुसरीने तर तिच्या आजीच्या आवाजात म्हणून दाखवलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. गाणं इतकं घरातलं झालं होतं, की प्रत्येकीला ते स्वतःच्या घरातलं वाटत होतं. परतताना रिक्षात मला बाईंकडे बघवेना. आयुष्यभराच्या चाली लोकांनी नेल्या होत्या, आणि ही एक अशा बायका नेत होत्या, की ज्यांच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

सगळ्यांत कळस केला माझ्या आईने. मी तिला म्हटलं, तू तरी सांग. आई म्हणाली, गाणं तुम्ही केलं असेल रे, पण उजवा कान आमच्याकडे रत्नागिरीलाही सोडायचे. मी म्हटलं, अगं, तुझ्याच मुलीचा कान पिकला होता. ती म्हणाली, तो पिकला होता ते वेगळं.

शेवटी बहीणच कामाला आली. तिच्याकडे लग्नाच्या शूटिंगची सीडी होती. शूटिंगवाल्याने चारही बाजूंनी गुलाब आणि बदाम सोडले होते, पण त्या बदामांच्या मधोमध सगळं होतं. कानाला कापूस लावून बसलेली बहीण. बाई बायकांना ओळ म्हणून दाखवताहेत, बायका चुकताहेत, बाई पुन्हा म्हणताहेत. आणि मागून आमच्या मातोश्रींचा खणखणीत आवाज, की कान सोडा गं, डॉक्टरांनी सांगितलंय. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, किती बारीक होते मी तेव्हा.

सीडी घेऊन आम्ही कंपनीत गेलो. त्या अदबीच्या मुलाने ती पूर्ण पाहिली, दोनदा हसलाही. मग आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला आणि म्हणाला, की गाणं पारंपरिकच राहू दे, त्याने लोकांना आपुलकी वाटते, पण खाली संकलन म्हणून मॅडमचं नाव देऊ, मोठ्या अक्षरांत देऊ. खरं सांगतो, मी दमलो होतो, मला ते पुरेसं वाटलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“पारंपरिक म्हणजे ज्याच्याबद्दल विचारायला कुणी उरलेलं नाही ते,” त्या म्हणाल्या. “मी समोर बसले आहे. मला विचार.”

तो बिचारा गोंधळला. मग त्याने खरंच विचारलं, की मॅडम, ही चाल कुणाची. बाई म्हणाल्या, माझी, आणि शब्द याचे. इतकी वर्षं त्या मुखड्याआधी म्हणत आलेलं वाक्य त्यांनी त्या एसी केबिनमध्ये म्हटलं, आणि उठल्या. काही आठवड्यांनी नावं बदलली. मी मोबाइल घेऊन धावत नौपाड्याला गेलो. बाईंनी चष्मा लावून स्क्रीन जवळ धरली, लांब धरली, परत जवळ धरली. मग मला म्हणाल्या, खाली जा आणि फोनवर वाचून दाखव. मी चार जिने उतरून भर रस्त्यात उभा राहिलो आणि त्यांचं नाव त्यांना फोनवर वाचून दाखवलं. वर गॅलरीत त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. पलीकडून आवाज आला, पोचलं.

हे इथे संपायला हरकत नव्हती, पण बाई संपल्या नव्हत्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या थंडीतली गोष्ट. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीची विठ्ठलवाडीला हळद होती. हळदीच्या गाण्याच्या बाई येणार म्हणून त्याने चाळभर सांगून ठेवलं होतं. बाईंना पाटावर बसवत नाही म्हणून खुर्ची आणली. मुलीला हळद लागायला लागली, बाईंनी गाणं उचललं, बायकांनी धरलं. दुसऱ्या ओळीशी एक म्हातारी हात वर करून म्हणाली, की थांबा, चुकतंय तुमचं.

ती माझ्या सहकाऱ्याची आत्या. साताऱ्याकडच्या गावाहून लग्नासाठी आलेली, नऊवारीतली, दातांची अडचण असलेली. सहकाऱ्याचा चेहरा पडला. अगं आत्या, हे गाणं यांनीच, असं तो सुरू करणार, तेवढ्यात बाईंनी त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं. ज्या नावासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्या वाट्याला परत तेच. बाईंनी विचारलं, काय चुकलं. म्हातारी म्हणाली, एक ओळ गाळली तुम्ही. आणि तिने म्हटलं,

उजवा कान तेवढा जपून ठेवा
डाव्या कानात माहेर सांगून ठेवा

बाईंची चाल त्या जागी खाली उतरत होती. म्हातारीची उतरली नाही, वरच थांबली, कुणाला तरी हाक मारून उत्तराची वाट बघावी तशी. शब्दांचं तर विचारू नका. एवढी वर्षं मी त्या गाण्याचा बाप म्हणून मिरवलो, पण डावा कान मला सुचला नव्हता. मला असूया वाटली. बाईंनी तिला ओळ पुन्हा म्हणायला लावली. मांडीवर बोटांनी ताल धरून स्वतः म्हणून पाहिली. एकदा चुकल्या, म्हातारीने दुरुस्त केलं, बाईंनी मान डोलावून परत म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, “ही ओळ कुणाची?”

“कुणाची म्हंजे? आधीपासनंच हाय की. आमच्याकडं असंच म्हणत्यात.”

“नाही. मला हे गाणं ठाऊक आहे. त्यात ही ओळ नव्हती.”

म्हातारीने नवरीकडे पाहिलं, हळदीने माखलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ती लेकीच्या हळदीचं सांगायला लागली. लेक लांब दिली होती, पार सुरतेला. सगळ्या बायका हे गाणं म्हणत होत्या, हिच्या हाती हळदीची वाटी होती, आणि लेकीच्या कानाशी वाकल्यावर ते आपसूक तोंडातून आलं. बायकांनी उचललं. मग गावात तसंच पडलं.

“म्हणजे तुमची ओळ आहे,” बाई म्हणाल्या. “नाव सांगा.”

“माझं कशाला? आत्या म्हणा की.”

“आत्या तुम्ही याच्या. गाण्यात तुमची ओळ आहे, तिथे तुमचं नाव लागेल.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्या कंपनीच्या मुलाला उद्याच फोन कर. तिसरं नाव घालायचं आहे.”

सगळी खोली म्हातारीकडे बघत होती. तिने पदर सारखा केला आणि नाव सांगितलं, पण इतकं हळू, की बाईंना ते पुन्हा विचारावं लागलं.